दोन विमानांमधलं इंग्लिश

संध्याताईंचा आवाज त्यांच्या आधी गेला.

त्या गेल्या त्याला आज वर्ष झालं. आणि मी अजून घाबरलेलीच आहे.

संध्याताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आयुष्यभर घरी ट्यूशन घेतल्या. मग कुणीतरी मोबाइलवर पॉडकास्ट कसा करतात ते दाखवलं आणि बाई सुटल्याच. 'घरातलं इंग्लिश.' ग्रामर, पण फोडणी देता देता ऐकावं असं.

"काल मी बांगडे आणले, ही झाली पास्ट टेन्स. उद्या कोण आणणार, ती फ्यूचर. आणि रोज मीच का आणायचे, हा माझा प्रश्न."

अशा शिकवायच्या.

लोक विचारायचे, ताई, एपिसोड एवढे छोटे का हो?

कारण आम्ही घाटकोपरला राहतो. असल्फाला. आमच्या डोक्यावरून विमानं उतरतात. एक गेलं की दुसरं यायच्या आत जेवढं ग्रामर बसेल तेवढा एपिसोड.

माझी ड्यूटी गॅलरीत. ताई आत, सरकतं दार बंद, पंखा बंद. मी बाहेर उभी राहून आभाळाकडे बघायचं. लांबवर विमान दिसलं की हात वर. ताई वाक्य पुरं करून गप्प. विमान डोक्यावरून गेलं, आवाज पार विरला, की हात खाली. ताई सुरू.

एकदा भाजीवाल्याशी घासाघीस करण्यात माझा हात वर करायचा राहिला. आख्खी प्रेझेंट कंटिन्युअस विमानाखाली गेली. दोन दिवस मला 'एअर होस्टेस' म्हणत होत्या!

सवय इतकी लागली की माहेरी मुलुंडला गेले तरी जरा घरघर ऐकू आली की मी वाक्याच्या मधेच थांबते.
आई म्हणते, "काय गं, दम लागला?"

मग ताईंच्या गळ्यात गाठ निघाली.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

ताई घरी आल्या, चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "चल गं नीता, गॅलरीत उभी राहा. जेवढे होतील तेवढे करून घेऊ."

रोज रेकॉर्डिंग. घसा दुखायचा, गरम पाणी प्यायच्या, परत बसायच्या. मला वाटायचं, या बाईला भीती कशी वाटत नाही?

एक दिवस विमान गेलं, मी हात खाली केला, पण ताई सुरूच होईनात. काचेतून नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. मी दार सरकवून आत गेले.

"मला खूप भीती वाटते गं," म्हणाल्या. "उद्या मी हाक मारली तर कुणाला ऐकूच येणार नाही."

मोबाइल चालूच होता. ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. ते ऐकायची माझी हिंमत नाही.

ऑपरेशन झालं. आवाज गेला.

महिनाभराने ताईंनी एपिसोड लिहून माझ्या हातात दिला आणि मोबाइलकडे बोट दाखवलं.

माझी तर वाटच लागली! मी यार बँकेत इंग्लिशमध्ये काही विचारलं तरी मागे सरकणारी. "ताई, प्लीज नको. माझे उच्चार ऐकून लोक हसतील ना."

बोलण्यासाठी त्यांनी एक पाटी घेतली होती. पोरांची असते तसली. त्यावर लिहिलं, "घाबरतंस कित्याक गो?" ताई माहेरच्या मालवणच्या, ओरडायचं असलं की मालवणीत. आवाज नसला म्हणून काय झालं, पाटीवरूनही ओरडल्याच.

आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. आभाळाकडे बघत.

काचेपलीकडे त्यांचा हात खाली आला आणि मी सुरू केलं. आवाज इतका कापत होता की आज ऐकवत नाही.

पहिलीच कमेंट आली, "ही कोण? ताईंना बोलवा."

मी रडले. ताईंनी कमेंट वाचली, पाटी पुसली आणि लिहिलं, "पुढचा."

असे बरेच एपिसोड केले आम्ही. मी आत, त्या गॅलरीत. भीती काही गेली नाही. पण काचेपलीकडे त्या दिसायच्या, म्हणून मी बोलायचे.

मग दुखणं उलटलं. हॉस्पिटल इथलंच, घाटकोपरचं. म्हणजे विमानं तिथेही होतीच.

शेवटच्या दुपारी मी त्यांच्याजवळ बसले होते. म्हटलं, "ताई, तुमच्याशिवाय मला नाही जमणार हे. मी पॉडकास्ट बंद करून..."

विमान आलं.

त्यांचे डोळे मिटलेले होते, तरी त्यांनी हात वर केला. सलाईन लावलेला हात. मी गप्प झाले.

विमान गेलं. आवाज पार विरेपर्यंत हात तसाच वर. मग सावकाश खाली आला आणि माझ्या हातावर टेकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

तेव्हापासून एकही एपिसोड नाही. आत एकटीने बसायचं आणि गॅलरीत कुणी नाही, या विचारानेच मी मोबाइल परत ठेवून द्यायचे.

आज वर्षश्राद्ध झालं. पाहुणे जेवून गेले. दुपारी दार सरकवलं, पंखा बंद केला. ताईंनी लिहून ठेवलेला एक एपिसोड उरला होता, तो घेऊन बसले.

अर्धा झाला आणि विमान आलं.

मी थांबले. काचेतून बाहेर बघत राहिले. तुळस, वाळत घातलेले टॉवेल, बाकी कुणी नाही. विमान गेलं, आवाज विरला, तरी मी हात खाली यायची वाट बघत बसले होते. खूप भीती वाटली. खरंच खूप.

मग हॉस्पिटलमधला तो हात आठवला. तो खाली आला होता ना. मी बघितला होता.

एपिसोड खाली कमेंटमध्ये टाकलाय. मधे विमान आहे, कापलेलं नाही. आवाज कापतोय, तोही तसाच ठेवलाय.

ताई, विमान गेलं.

सुरू करते.