क्लच दाब

मी नर्स आहे. कुणी म्हणालं, मला आवाज ऐकू आला, तर मी आधी त्याचा ताप बघते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, म्हणूनच हे लिहायला तीन वर्षं लागली.

१९५७, फेब्रुवारी, दुपारचे दोन. दवाखान्याची जीप हसनाबादहून जालन्याला निघाली. मागे अडलेली बाळंतीण सुंदरा, तिची सासू आणि मी. बाळ आडवं होतं. मोठ्या दवाखान्यात वेळेत पोचलो नसतो तर दोघांपैकी कुणीच हाती लागलं नसतं.

पुढे ड्रायव्हर किसन, एकटाच. त्याला सर्दी झाली होती, म्हणून निघताना मीच दोन गोळ्या दिल्या — एक आत्ता, एक रात्री. या गोळीनं झोप येते, हे मी प्रत्येक पेशंटला सांगते. किसनला सांगितलं नाही. तो पेशंट आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

राजूर सोडल्यावर मी सुंदराची नाडी मोजायला घेतली. नजर घड्याळावर, तोंड बंद, पूर्ण एक मिनिट. मध्येच जीप हिसके देत थांबली. मी मोजणं सोडलं नाही. एकशे बत्तीस... वहीत लिहिलं आणि मग वर पाहिलं.

पुढचं एक चाक पुलाच्या अगदी कडेला होतं. खाली कोरडा ओढा, खडक.

किसन घामानं भिजला होता. "डोळा लागल्ता बाई. दोन्ही गोळ्या संगंच घेतल्या म्या, सर्दी जल्दी जाईल म्हणून. तुम्ही वरडल्या म्हणून वाचलो."

मी तोंडसुद्धा उघडलं नाही, असं सांगितलं.

सासू म्हणाली, "न्हाई कसं? 'किलच दाब, किलच दाब.' मला वाटलं पोरीचं पोट दाबायचं सांगून राह्यल्या. मी दाबणारच होते."

किसनला तोंड धुवायला लावलं. त्याच्या शेजारी बसून जालन्यापर्यंत त्याला बोलता ठेवला. सुंदराचं ऑपरेशन झालं. मुलगी झाली, दोघी वाचल्या.

आता गोळी देताना मी आधी विचारते, गाडी हाकायची आहे का. बैलगाडीवाल्यालाही. एवढं माझ्या हातात आहे.

बाकीचं डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, घाबरून तुम्हीच ओरडला असाल, आठवत नसेल. असेल तसंही. पण वाटेत, बोलता ठेवायचा म्हणून, मी किसनला पहिला प्रश्न विचारला होता तो हाच — किलच म्हणजे काय रे? 'क्लच, बाई,' म्हणत त्यानं डाव्या पायाखालची पट्टी दाखवली; ती दाबली की इंजिनचा जोर चाकांना मिळत नाही. तोवर मला तो शब्दही माहीत नव्हता.