टिपाडात डोकावणारा माझा जोडीदार

आख्ख्या मराठवाड्यात डासांच्या आळ्यांवर एवढा जीव लावणारा माणूस दुसरा झाला नाय, आन् होणार बी नाय. हा माझा सोयगावच्या शाळेतला बाकावरचा जोडीदार. कायम ह्याचा पहिला नंबर, माझा दुसरा. मास्तर ह्याचं नाव घेऊन टाळ्यांसाठी थांबायचे, आन् त्या टाळ्यांतच माझं नाव उरकून टाकायचे. पुढं तो शहरातल्या मोठ्या वैद्यकीय संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ झाला, आन् मी त्याच्याच विभागात टेक्निशियन. म्हंजे बाक बदलला, नंबर नाय. पेपरात आलेला त्याचा फोटो माझ्या आईनं कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवलाय. माझा फोटो आधार कार्डावर हाय.

ती दुष्काळाची सालं. शहर हर्सूलच्या पुढं पसरत चाललेलं; नव्या कॉलन्यांना कमान होती, नाव होतं, नळ नव्हता. लोक टँकरचं पाणी टिपाडात साठवायचे आन् डेंग्यूचे डास त्यात संसार मांडायचे. हा गडी दारोदार टिपाडात डोकावत हिंडायचा. खिशात पेनाच्या जागी चहाची गाळणी. आळ्या गाळायच्या, मोजायच्या, आन् पाणी थेंबाथेंबानं परत टिपाडात. एका काकूंना म्हणला, "काकू, तुमच्याकडच्या आळ्या लई तब्येतीच्या हायत!" काकूंनी झाडूच उचलला. चेष्टा तर त्याला कळायचीच नाय. कुणी काय बी सांगो, खरं मानून वहीत उतरवायचा. एक आजोबा वैतागून म्हणले, "आमच्या टिपाडात मगर हाय, जा!" ह्यानं लिहिलं : 'घरमालकाच्या सांगण्यानुसार मगर. प्रत्यक्षात आढळली नाही.' आन् असल्या माणसाला लोक हुशार म्हणायचे, मला नकल्या!

पण खरं सांगू का, दारं उघडायची ती माझ्यामुळं. मी गल्लीतल्या नगरसेवकाची नक्कल करायचो, बाया हसायच्या, कडी निघायची. एका दुपारी मात्र दारं उघडंनात. मी तोंडानं टँकरचा भोंगा वाजवला आन् ओरडलो, "टँकर आलाऽऽ!" सगळी गल्ली हंडे-कळशा घेऊन बाहेर. टँकर कुठाय? एक म्हातारी खाला धापा टाकत म्हणली, "शरम नहीं आती क्या रे? आठ दिन में एक बार पानी आता, उसकी भी मस्करी करते!" माझं तोंड एवढंसं झालं. हा मात्र शांतपणे म्हणला, "सगळ्यांची दारं उघडी हायत. चल." पण संध्याकाळी खरा टँकर आला, तवा खालाचा हंडा घेऊन तोच रांगेत उभा राहिला. मलाही उभं केलं.

आळ्यांवरचा संशोधनाचा पेपर लिहून झाला तसा तो माझ्या टेबलाशी आला. "गड्या, माझ्यानंतर तुझं नाव टाकतो."

माझ्यानंतर! सोयगावचा बाक जसाच्या तसा डोळ्यापुढं आला.

"नको," मी म्हणलो.

"खरंच नको?"

"अरे, खरंच. मला काय करायचंय नाव?"

त्यानं मान डोलावली आन् गेला. दोन दिवस मी वाट बघितली, येईल, हातापाया पडंल, म्हणंल, "असं करू नको लेका." कशाचं काय!

त्याच पेपराला देशपातळीवरचं बक्षीस लागलं. सत्कार संस्थेतच झाला. माझी आई सोयगावहून दोन गाड्या बदलून आली, त्याच्यासाठी. शाल-नारळ बघता बघता मला म्हणली, "तू बी हिंडत हुतास ना रं त्याच्यासंगं उन्हातान्हात? मग तुला का नाय बोलावलं वर?" मी पाहुण्यांच्या खाकरण्याची नक्कल करून दाखवली. आजूबाजूचे हसले. आई नाय हसली.

आता तो दिल्लीला असतो. गेल्या महिन्यात फोन आला. म्हणला, आपल्याच टिपाडांवरचा दुसरा पेपर तयार हाय, उद्या धाडतोय. मी फोन कानाला घट्ट धरला. आता विचारंल, मग विचारंल. त्यानं आईचे गुडघे विचारले, पाणी कितव्या दिवशी येतं ते विचारलं. नावाचं काय विचारलं नाय. आन् का विचारावं? मी नको म्हणलो होतो. माझ्या तोंडातून निघालेला शब्द खरा मानणारा तो जगात एकटाच माणूस हाय.