आधी भगताकडे नेले

जव्हार-मोखाड्याच्या बातम्या पाठवता पाठवता माझे केस पिकले. हल्ली ऑफिसला दिवसाला पाच बातम्या लागतात, त्याही सगळ्यांच्या आधी. म्हणून मीही मोबाइलवर एआय घेतलं. चार ओळी टाकायच्या, चहा संपेपर्यंत बातमी तयार. शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला कुणाला नको असतं?

गेल्या भातकापणीत जव्हारच्या वांगणीपलीकडच्या एका पाड्यावर एका बाईला साप चावला. तिथल्या ओळखीच्या गुरुजींनी फोनवर सांगितलं: शेतात चावला, डोली करून दवाखान्यात आणत होते, गाडीरस्ता लागायच्या आत गेली. मी यंत्राला एवढंच दिलं. त्याने बातमी केली आणि मध्ये एक वाक्य पदरचं घातलं. 'नातेवाइकांनी तिला आधी भगताकडे नेल्याने उपचारास विलंब झाला.'

ते वाक्य पाठवण्याआधी मी वाचलं होतं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. सगळं यंत्रावर ढकलून मोकळं होता येतं, ऑफिसने तेच केलं. पण मी वाचलं आणि मला ते खटकलं नाही. साप चावला म्हणजे मंत्राने विष उतरवायला भगताकडे नेणारच, त्यात विचारायचं काय? असं मी कितीतरी बातम्यांत लिहिलंय, कधी विचारून, कधी न विचारता. यंत्र ते आमच्यासारख्यांकडूनच शिकलं असणार.

पंधरा दिवसांनी तिचा नवरा माझ्या दारात आला. चपला बाहेर काढून उभा राहिला. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बातमीचं कात्रण होतं.

"दादा, आमी भगताकं गेलोच नाय," तो म्हणाला. "हातचा विळा टाकला नी डोलीच बांधली."

त्याने सदरा सरकवून खांदा दाखवला. डोलीच्या बांबूने सोललेली कातडी अजून नीट भरली नव्हती. तो रागावला नव्हता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याच्या बायकोचं माहेर खोडाळ्याच्या बाजूला. तिच्या भावाने बातमी वाचली आणि बाराव्याला येऊन सगळ्यांसमोर बोलला, "मंत्र घालीत बसलात नी आमची बहीण मारलीत." जाताना तिची तीन वर्षांची मुलगी उचलून नेली. ती परत पाठवायला ते तयार नव्हते.

मी कळवल्यावर ऑफिसने आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा छापला. बैल गेला अन् झोपा केला. तो खुलासा खिशात घालून मी नवऱ्याला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि खोडाळ्याकडे निघालो.

मेहुण्याने अंगणातच आमचं ऐकून घेतलं. चूक माझी, हे मी खुलासा दाखवून तीनदा सांगितलं. मग त्याने मोबाइल काढून त्यातल्या एआयलाच विचारलं, ही बाई कशाने गेली. उत्तर लगेच आलं. आधी भगताकडे नेल्याने उपचारास विलंब. खाली माझ्याच बातमीचा दाखला.

"तुमी आता याच्या संगती आलात, याचंच बोलणार," तो म्हणाला. "हे तर कोणाच्या बाजूचं नाय ना?"

मुलगी दाराशी आजीचा पदर धरून उभी होती. बापाने हाक मारली तशी ती दोन पावलं आली. आजीने तिला मागे ओढलं. त्याने दुसऱ्यांदा हाक मारली नाही.

आम्ही तसेच परत निघालो. घाटात मी एकदा गाडी थांबवली. मला त्याची माफी मागायची होती, पण मी उतरून मागच्या चाकाची हवाच दाबून पाहिली. मग तोच बोलला.

"दादा, तुमी शिकलेले. सगलीच म्हणतात का आमी भगताकं गेलतो. खरंच भगताकं नेली असती तर वाचली असती का?"