सगळ्यात आधी खाली आलेला हात

दर शनिवारी आठ जुने लॅपटॉप, वायरींच्या दोन पिशव्या आणि एक स्पीकर असं बिऱ्हाड घेऊन आम्ही वाचनालयाचा जिना चढतो. आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. मी सहासष्ट वर्षांची, तो छप्पन्न. सहा वर्षं हेच चाललंय. माझे गुडघे कामातून गेले, पण याचं आपलं, "ताई, एवढा एकच तर जिना!" जसा काही दर आठवड्याला नवा जिना बांधतात.

वर हॉलमध्ये हा लोकांना कॉम्प्युटरवर संगीत करायला शिकवतो. एक ओळ टाइप केली की सूर येतो, दुसरी टाकली की ठेका. सॉफ्टवेअर फुकटचं, कुणीही आतून उघडावं, हवं तसं बदलावं. पंचवीस वर्षं हा रेकॉर्डिंग स्टुडिओत आवाज नीट लावायचा. मग स्टुडिओ बंद पडला. बायको त्याआधीच सोडून गेली होती. उरला हा वर्ग. कानावर जगलेला माणूस, दुसरं काही येत नाही त्याला.

त्या शनिवारी मी ठरवूनच गेले होते की आता पुरे, वर्ग संपला की स्पष्ट सांगायचं. सकाळपासून जीव नुसता मेटाकुटीला आला होता. त्यात एक एक्स्टेन्शन बोर्ड बंद, दोन लॅपटॉप सुरू व्हायला तयार नाहीत, आणि मी काहीही विचारलं की याचं, "काय?" तीनदा सांगितल्यावर मी वैतागले. "लक्ष कुठे असतं रे तुझं?"

नवीन लोक आले की पहिला धडा ठरलेला. हळूहळू चढत जाणारा सूर लिहायचा. मग सगळ्यांनी डोळे मिटून हात वर करायचा आणि सूर ऐकू येईनासा झाला की खाली घ्यायचा. वय जास्त, तितका हात लवकर खाली. लोकांना गंमत वाटते. कॉम्प्युटर कायम भाऊच चालवतो.

त्या दिवशी एक नर्सबाई म्हणाल्या, "सर, मी लिहिलेला चालवू द्या ना. तुम्ही पण उभे राहा आमच्यात."

तो हसला, "अहो, नको," म्हणाला, पण सगळ्यांनी आग्रहच धरला. शेवटी येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. सूर सुरू झाला, बारीक होत वर चढू लागला. डोळे मिटायचे असतात, पण मी कसली मिटतेय! लहानपणापासून खेळात लबाडी करत आलेय.

सगळ्यात आधी हात खाली आला तो माझ्या भावाचा.

मला वाटलं दंडाला रग लागली असेल. पण सूर चांगला शिट्टीसारखा वाजत होता. माझा हात वर, बाकी सगळ्यांचे वर, आणि हा मात्र डोळे मिटून शांत उभा, संपलं म्हणून. मी पटकन हात त्याच्या खांद्याला घासत खाली घेतला, म्हणजे निदान तो एकटा नको दिसायला.

लोक गेल्यावर तो वायरी गुंडाळत होता. पाठमोराच होता. "ताई, तू हात मुद्दाम घेतलास ना खाली?"

"नाही रे."

"खरं सांग."

"हो. मला अजून ऐकू येत होतं."

"बराच वेळ?"

"बराच," म्हटलं.

तो खुर्ची ओढून समोर बसला. "मला माहीत आहे ग. तीन वर्षं पडद्यावरच्या आवाजाच्या रेषा बघूनच शिकवतोय मी. वरचे सूर येतच नाहीत. कुणाला सांगू? हे पण गेलं तर मी दिवसभर करू काय?" मग म्हणाला, "तू शेजारी बसशील का? कर्कश झालं की नुसतं मला कोपराने ढोसायचं."

आले होते सुटायला, आणि बोलून बसले, "बसेन." एवढी दमले होते की तिथेच मला रडू फुटलं. तोंडावर पदर दाबून, आवाज न करता रडत होते.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, बारीक रडू नकोस. मला ऐकू येत नाही."