न ऐकता वाहवा करणारे दळवीसाहेब

अंधेरीच्या ऑफिसात दळवीसाहेब दिवसभर कानाला हेडफोन लावून बसत. मी टेबल पुसायला वाकले की दिसे, वायर कशालाच जोडलेली नाही, नुसती लोंबतेय.

कंपनी गाण्यांची. आपल्याच गाण्यांचं कौतुक करणारं मासिक ती छापून दुकानांत फुकट वाटे. साहेब त्याचे संपादक. एकदा चहा ठेवताना मी धीर करून विचारलं, "साहेब, गाणं ऐकत नाही?"

"यमुना, ऐकलं की मत होतं. मत झालं की नोकरी जाते. साखर कमी आहे गं."

गाणं पुरं व्हायच्या आधीच त्यांचं कौतुक छापून तयार. नवरदेव ठरला नाही तोच अक्षता टाकणारा माणूस.

त्या वर्षी कंपनीने फुगडीच्या गाण्यांचा अल्बम केला. माझ्या पोरीने, सुवर्णाने, त्यात एक गाणं म्हटलं. साहेबांनी मासिकात लिहिलं, "सुवर्णाच्या आवाजाला कोकणातल्या मातीचा वास आहे." मी ते एकेक अक्षर लावत चारदा वाचलं. चाळभर पेढे वाटले.

गणपतीत अल्बम आला. सगळ्यांनी मोबाइलवर गाणं लावलं, तर आवाज दुसऱ्याच बाईचा. कंपनीने सुवर्णाचा आवाज काढून एका नावाजलेल्या गायिकेचा घातला होता. आम्हाला कोणी कळवलंही नाही. शेजारीण म्हणाली, "काय गं, पैसे देऊन छापून आणलंस काय?" पोरीने गाणंच सोडलं.

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "नाव छापलंय ना? मग झालं तर! गाणं ऐकतंय कोण?"

पुढे मासिक बंद पडलं आणि साहेब निवृत्त झाले. निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, "पोरीला आण, दोन ओळी म्हणू दे. मीच पुढे आणली ना तिला!" कुठे पुढे आणली, त्यांनाच ठाऊक.

मला वाटलं, सुवर्णा नाही म्हणेल. पण ती म्हणाली, "येते. त्या माणसाला एकदा ऐकवायचंय."

समारंभात तिने फुगडीचं तेच गाणं धरलं. पहिलं कडवं संपत होतं तोच साहेब मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "अप्रतिम!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी केक कापायला सुरी उचलली.

सुवर्णा जागची हलली नाही. "काका, थांबा. अजून दोन कडवी आहेत."

साहेबांना हातात सुरी धरून दोन्ही कडवी ऐकावी लागली.