लिलाव नव्हे, ऑक्शन

माझे वडील अडते होते. पुण्याच्या मार्केट यार्डात त्यांचा कांदा-बटाट्याचा गाळा होता. आमच्या लग्नात सासरची मंडळी ही गोष्ट पाहुण्यांना इतक्या हळू आवाजात सांगत होती की जणू घरात कुणाला फिट येत असावी. नवऱ्याचंही मत तेच. दुसऱ्याच्या मालाशेजारी उभं राहून ओरडायचं आणि टक्का खायचा, हा काय धंदा झाला, असं तो मला वर्षानुवर्षं ऐकवत आला.

मग दोन हजार नऊच्या मंदीत सिंगापूरला त्याची नोकरी गेली आणि आमच्यावरच एक कपाट विकायची वेळ आली.

कपाट साधंसुधं नव्हतं. तिथल्या जुन्या पेरानाकन, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेल्या चिनी लोकांच्या घरांतलं, लाल लाकडाचं, वर सोनेरी कोरीव पक्षी आणि फुलं. बोनस मिळाल्यावर यानेच हौसेने आणलेलं. आम्ही त्यात चादरी आणि पापडांचे डबे ठेवायचो. आता नोटीस पीरियड संपला की एम्प्लॉयमेंट पास रद्द होऊन देश सोडावा लागणार होता. मुलगी सेकंडरी फोरला, म्हणजे तिथल्या दहावीला. परीक्षा वर्षाच्या शेवटी. मधेच उचलून पुण्याला नेली असती तर पोरीचं वर्ष गेलं असतं. मी सगळी चौकशी करून ठेवली होती. तिला स्टुडंट पास मिळत होता, तिच्याबरोबर आई म्हणून मला राहता येत होतं, हौगांग भागात एका फ्लॅटमध्ये आम्हा दोघींपुरती खोलीही बघितली होती. शिल्लक होती ती नवऱ्याने शेअर्समध्ये घालून फुंकली होती, त्यामुळे खोलीचं परीक्षेपर्यंतचं भाडं या कपाटातूनच निघायला हवं होतं. पोरगी राहणार की जाणार, ते कपाटावर ठरणार होतं.

आमच्या मरीन परेडच्या कॉन्डोत दोन मजले खाली एक चिनी आंटी राहायची. तिला ते कपाट फार आवडायचं. तिने स्वतःहून चार हजार डॉलर सांगितले, रोख, उचलून न्यायला मुलगा येणार. आमचं भाडं त्यात बसत होतं. पण नवरोबांना ते पटेना. शेजारणीला घरातलं सामान विकायचं आणि मग रोज लिफ्टमध्ये तोंड कसं दाखवायचं? मी वैतागून म्हटलं, मग काढ लिलावात. तो भडकला. लिलाव नव्हे, ऑक्शन, म्हणाला. लिलाव कर्जबुडव्यांच्या घरादाराचा होतो, ऑक्शन हॉटेलात होतं. एवढा शिकलेला माणूस, पण शब्द इंग्रजीत गेला की त्याची अब्रू परत यायची.

ऑक्शनवाल्यांच्या ऑफिसात गेलो. गालिचा, चांदीच्या ट्रेमध्ये चहा, आणि समोर मऊ आवाजाचा, सुटातला एक साहेब. त्याने फोटो बघून चार ते सहा हजारांचा अंदाज सांगितला आणि नवऱ्याने माझ्याकडे बघ, बघ, असं बघितलं. मग साहेब फी सांगायला लागला. विक्रीच्या रकमेवर पंधरा टक्के त्यांचं कमिशन. बरं, ही झाली अडत. घरून गोदामात न्यायचा खर्च आमचा, म्हणजे हमाली. कॅटलॉगमधल्या फोटोचे पैसे वेगळे. विम्याचे वेगळे. माल विकला गेला नाही तरी काही आकार द्यायचाच, आणि मधेच मागे घेतला तर अंदाजाच्या रकमेवर दंड. माझे वडील शेतकऱ्याला हिशोबाची पट्टी द्यायचे तिच्यावर अडत, हमाली आणि तोलाई असायची, एवढ्यावरच गावोगावचे लोक त्यांना लुटारू म्हणायचे. बिचाऱ्यांना कांद्याचा फोटो काढून त्याचे पैसे कापायचं कधी सुचलं नाही.

मी विचारलं, घेणाऱ्याकडूनही काही घेता का? साहेब हसला. हो, वीस टक्के, त्याला बायर्स प्रीमियम म्हणतात, पण मॅडम, त्याची झळ तुम्हाला नाही. झळ नाही कशी? घेणारा काय खुळा आहे? खिशातून एकूण किती जाणार ते बघूनच तो बोली लावणार, म्हणजे ते वीस टक्के आमच्याच किमतीतून आधी कापलेले. दोन्ही हातांत लाडू आणि वर आपल्यालाच विचारतोय, चहा कसा झालाय. मी हे मराठीत नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, अगं, हे प्रोफेशनल लोक आहेत.

मग रिझर्व्हचा विषय निघाला, म्हणजे ज्याच्याखाली माल द्यायचा नाही ती किंमत. मी म्हटलं, चार हजार लिहा. साहेबाने मान तिरकी केली. रिझर्व्ह फार वर ठेवला की बोली लावणारे बिचकतात, आमच्यावर सोडा. नवऱ्याने सोडलं. सहीही केली, त्यांच्याच जाड पेनाने. परतताना टॅक्सीत मला सांगत होता, किती सुसंस्कृत माणूस आहे. टक्का खाणारा माणूस सुसंस्कृत वाटायला सूट लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या वडिलांकडे फक्त टोपी होती.

कपाट गोदामात गेल्यावर दोन दिवस मला झोप लागली नाही. शेवटी कपाट परत आणून आंटीला द्यायचं म्हणून मी स्वतः फोन केला. त्यांनी गोड आवाजात दंडाचा आकडा सांगितला. मी फोन ठेवला.

ऑक्शनला आम्ही गेलो. नवऱ्याने कोट घातला होता. नोकरी गेलेला माणूस स्वतःच्या घरचं कपाट विकायला लग्नाला निघाल्यासारखा निघाला होता. हॉटेलच्या हॉलमध्ये वाइन फिरत होती, मधल्या रांगा रिकाम्या होत्या. मंदी सगळ्यांचीच होती, पण हे साहेबाने सांगितलं नव्हतं. आमच्या कपाटावर हातोडा पडला तो तीन हजारांवर. मागच्या रांगेतून कुणीतरी बोलीची पाटी वर केली होती. वळून बघितलं तर आमची आंटी.

ती बाहेर भेटली. मला बाजूला घेऊन तिने हिशोब विचारला आणि स्वतःचाही सांगितला. प्रीमियम धरून तिला तीन हजार सहाशे पडणार होते. सगळं कापून आम्हाला दोन हजारांच्या थोडं वर मिळणार होतं, तेही महिनाभराने. माझे वडील अडत कापायचे, पण पट्टी आणि पैसे त्याच दिवशी हातात द्यायचे. कपाट आता गोदामातून आमच्याच इमारतीत परत येणार होतं, दोन मजले खाली, आणि त्याची हमाली तिने द्यायची होती.

“यू पे हिम, आय ऑल्सो पे हिम,” आंटी म्हणाली. “हू इज ही?”

नवरा लांब उभा राहून साहेबाशी हात मिळवत होता.

घरी येऊन मी आकडे मोठ्याने मांडले, पोरीसमोरच. भाडं तीन महिन्यांचं निघत होतं आणि परीक्षा सहा महिन्यांवर होती. नवरा म्हणाला, मार्केटच डाऊन आहे, त्याला कोण काय करणार. पोरगी ऐकत होती. घरात ती कायम इंग्रजीत बोलायची, प्रत्येक वाक्याला सिंगापुरी ‘लाह’ लावून. त्या संध्याकाळी मराठीत बोलली.

“राहू दे आई. मी पुण्यात परत दहावी करीन.”

आणि खोलीत गेली. नवऱ्याने सुस्कारा सोडला आणि म्हणाला, बघ, किती समजूतदार आहे. समजूतदार! पोरीने स्वतःचं वर्ष सोडलं होतं आणि याला सुटल्यासारखं वाटत होतं. इतकी किळस मला त्याची आधी कधी आली नव्हती, नंतरही आली नाही.

सोफ्यावर टेकवलेल्या त्याच्या मनगटावर ते जाड स्विस घड्याळ होतं. इंटरव्ह्यूला लागतं म्हणून त्याने त्याचा विषयच काढला नव्हता.

“घड्याळ काढ,” मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. मला वाटलं, आता तरी याला समजलं.

“त्यांच्याकडे घड्याळांचं वेगळं ऑक्शन असतं,” तो म्हणाला.

मी हात पुढे केला आणि त्याने घड्याळ काढून देईपर्यंत तसाच धरून ठेवला.