पंख शिवणारा मामा

माझ्या धाकट्या मामाइतका थापाड्या माणूस अख्ख्या मावळात झाला नाही, आणि त्याच्याइतकी पक्की शिवणही कुणी घातली नाही. लोणावळ्याच्या बाजारात एका शिंप्याच्या हाताखाली तो काम शिकला आणि महायुद्ध लागल्यावर हवाई दलात भरती झाला. तेव्हा आपलं हवाई दल नवं होतं. विमानं थोडी, त्यांतल्या कितीकांचे पंख कापडाचे. फाटलेलं कापड शिवायचं, वरून रोगण चढवून ते ढोलासारखं ताणायचं, हे मामाचं काम. लढाई संपल्यावर तो आमच्या आंबी गावात आमच्याकडे येऊन राहिला आणि घरावर हवाई दलाचं राज्य आलं.

मामाने शिवलेली चोळी फाटत नसे. बाई म्हातारी होई, चोळी होत नसे. आईच्या चोळीला त्याने एवढी खळ घातली की तिला वाकता येईना. त्या दिवशी भाकऱ्या मीच थापल्या.

"वाऱ्यात फडफडाय नगं," मामा म्हणाला.

"मी काय रंगूनला उडत चाललेय का रं मुडद्या?" आई म्हणाली.

बैलगाडी जुंपली की ती विमान असल्यासारखा तो तिच्याभोवती फेरी मारी, जू हलवून बघी, बैलांच्या नाकपुड्यांत डोकावे. चाकाखाली दगड लावी, आणि गाडीत उभा राहून ओरडे, "दगड काढा!" एकदा बैल दगडाला न जुमानता निघाले आणि मामा मागच्या बाजूने खाली आला. धूळ झटकत म्हणाला, "उड्डान झ्याक झालं. उतरनं चुकलं."

संध्याकाळी पारावर गाव जमे. "लष्कर जमिनीवर, आरमार पान्यावर," मामा सांगे. "पर वरनं बघनार कोन? आमी. दुश्मन कुटं लपलाय ते आमी सांगायचं. जंगलात अडकलेल्या फौजंला वरनं रेशन आमी टाकायचं. बाँब त्याच्या मागनं." मग तो स्वतःच ढगात शिरे. "ढग आतनं कसा आसतो ठावं हाय? वल्ल्या घोंगडीवानी!" लोक माना डोलवत. खरं म्हणजे मामा विमानात एकदाही बसलेला नव्हता. हे फक्त आईला ठाऊक होतं, आणि आईच्या पोटात काही राहत नसल्यामुळे मला.

मग इंदुरीचं स्थळ आलं. मुलीला मामाने वडगावच्या बाजारात पाहिलं होतं, आणि तेव्हापासून आमटीत मीठ आहे की नाही हेही त्याला कळत नव्हतं. बघायला आम्ही गेलो, तर गाडीत पारावरची अर्धी मंडळी येऊन बसली. पोहे पुढे आल्यावर मुलीचा बाप म्हणाला, "पावनं, राग मानू नगा. आभाळात जानाऱ्याला मी पोर देनार न्हाई. उद्या परत लढाई लागली, तुमाला बोलावनं आलं, तर माझी पोर रांडाव हुयाची. खरं सांगा, किती येळा बसलात इमानात?"

मामाने पारावरच्या मंडळींकडे पाहिलं. ती छाती फुगवून बसली होती. आईने त्याला मागून चिमटा काढला. तेवढ्यात आमच्यातला एक म्हातारा त्याच्या मदतीला धावला. "लय येळा! ढगात सुदा जाऊन आलाय आमचा गडी!"

"मंग ऱ्हाऊ द्या," मुलीचा बाप उठला. "च्या घ्या अन निघा."

"न्हाई बसलो!" मामा एवढ्यानं ओरडला की बाहेरचे बैल दचकले. "एकदा बी न्हाई! मी खाली बसून शिवायचो!"

म्हाताऱ्याच्या घशात पोहे अडकले. "आन त्यो ढग?"

"इचारलेला," मामा खाली बघत म्हणाला. "जे परत उतरायचे, त्यांना इचारायचो."

लग्न झालं. संसार चांगला झाला. पण मामा पुन्हा पारावर गेला नाही. कुणी हाक मारली तर "शिवाय लय पडलंय" म्हणे आणि मशीन जोरात चालवी. आमच्या गावाचं हवाई दल तिथंच मोडलं.

मामा गेल्यावर एकदा मामी शेंगा फोडता फोडता म्हणाली, "तुला म्हनून सांगते. त्या दिशी मी दाराआड हुते. बानं न्हाई म्हटलं आसतं तरी मी हट्ट धरनार हुते. ढगात जानारा नवरा कुनाला मिळतो? त्यांनी खरं सांगितलं अन माजं तोंडच उतरलं."

"मग मामाला कधी बोलली नाहीस?"

"येडी हाईस का?" मामी म्हणाली. "जन्मात त्येवडंच तर खरं बोलले हुते. ते बी माझ्यापायी."